वेगवेगळ्या फेजमधली हार्मोनिक बलं आणि सांगाड्याचं कंपन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच प्लॅटफॉर्मवर दोन ब्लोअर, एकाच गर्डरवर दोन पंखे, एकाच पायावर दोन कॉम्प्रेसर. अशी यंत्रं फिरताना सांगाड्यावर ठरावीक लयीत कमीजास्त होणारं, म्हणजे हार्मोनिक, बल लावतात. अशा सांगाड्याचं संगणकावर मॉडेल करताना बलाचा आकडा आणि वेग काळजीपूर्वक भरला जातो, पण फेजचा, म्हणजे बलाचं शिखर कोणत्या क्षणी येतं ते सांगणाऱ्या कोनाचा, रकाना मात्र बऱ्याचदा शून्यच राहतो. खालचे बहुतेक प्रश्न त्या शून्यातून निर्माण होतात. सांगाड्याचा कोणता मोड (कंप पावण्याचा त्याचा ठरलेला नैसर्गिक आकार) जागा होणार आणि कोणता शांत राहणार हे फेज ठरवतो, म्हणून बलाच्या आकड्याइतकंच लक्ष त्याच्याकडेही द्यायला हवं.

दोन बलं ‘वेगळ्या फेजमध्ये’ आहेत म्हणजे नेमकं काय?

दोन्ही बलं एकाच वारंवारतेनं कमीजास्त होतात, पण त्यांचं शिखर एकाच क्षणी येत नाही. एका आवर्तनाला ३६० अंश मानलं, तर एकाचं शिखर दुसऱ्यापेक्षा किती अंश पुढे किंवा मागे आहे तेच त्यांचं कलांतर. १८० अंश म्हणजे एक खाली ढकलत असताना दुसरं वर ओढतंय. ९० अंश म्हणजे एक पूर्ण जोरात असताना दुसरं शून्यावर आहे.

बल एकच असेल तर त्याच्या फेजनं कंपनाचा आकार किंवा मोठेपणा बदलत नाही, फक्त घड्याळाचा शून्य सरकतो. महत्त्व आहे ते दोन बलांमधल्या फरकाला.

फेज बदलल्यानं असा कितीसा फरक पडतो?

हाताने सोडवता येईल असं एक उदाहरण घेऊ. आयएसएमबी ३०० चा (३०० मिमी उंचीच्या, आय आकाराच्या पोलादी तुळईचा) ६ मीटरचा, दोन्ही टोकांना साधा टेकलेला गर्डर. स्वतःचं वजन, वरचा प्लॅटफॉर्म आणि यंत्रं मिळून मीटरला ४०० किलो वस्तुमान सगळीकडे सारखं पसरलंय असं धरू. पहिली नैसर्गिक वारंवारता (धक्का देऊन सोडल्यावर गर्डर ज्या वारंवारतेनं आपोआप कंपतो ती) सुमारे ९ हर्ट्झ येते आणि दुसरी तिच्या चौपट, सुमारे ३६ हर्ट्झ. डाव्या टोकापासून १.५ मीटर आणि ४.५ मीटरवर एकेक पंखा आहे. दोन्ही १४४० आरपीएमवर, म्हणजे २४ हर्ट्झवर चालतात आणि प्रत्येकाचं उभं बल १००० न्यूटन आहे.

दोन्ही पंखे एकाच फेजमध्ये असतील तर पहिला मोड चेतवला जातो. दुसऱ्या मोडवर त्यांचा परिणाम शून्य, कारण त्या मोडमध्ये डावी बाजू खाली जाते तेव्हा उजवी वर येते आणि दोन बलांचं काम एकमेकांना खोडतं. १८० अंशांवर उलट घडतं: पहिला मोड पूर्ण गप्प आणि दुसरा जागा. मधल्या कोनांवर दोन्ही मोड कमीअधिक प्रमाणात येतात.

डॅम्पिंग (कंपन विरवणारा अवरोध) सोडून, वरचे मोडही धरून हिशेब केला की एकाच फेजमध्ये गर्डरच्या मध्यावर सुमारे ०.०६६ मिमी आणि पंख्याच्या पायाशी ०.०३९ मिमी कंपन येतं. १८० अंशांवर मध्यभागी शून्य, पण पायाशी ०.०५८ मिमी. ९० अंशांवर मध्यभागी सुमारे ०.०४७ आणि दोन्ही पायांशी ०.०४९ मिमी. बल तेच, वेग तोच, गर्डरही तोच. फक्त कोन बदलला आणि पायाजवळचं कंपन दीडपट झालं. मध्यभागीच सेन्सर लावून बसलेल्याला मात्र १८० अंशांवर गर्डर स्थिर उभा आहे असंच दिसेल.

वेगाच्या भाषेत ०.०३९ मिमी म्हणजे सुमारे ४.२ मिमी प्रति सेकंद आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) आणि ०.०५८ म्हणजे सुमारे ६.२. यंत्रांच्या कंपनाच्या आयएसओ १०८१६-३ या मानकात १५ ते ३०० किलोवॅटच्या, लवचीक आधारावरच्या यंत्रांना दीर्घकाळ चालण्यासाठी ४.५ ची सीमा होती. ती बेअरिंगच्या घरावर मोजायची असते, त्यामुळे इथली तुलना केवळ अंदाजापुरती. तरीही ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ यांच्यामधली रेघ इथे फेजमुळे ओलांडली जाते.

सगळी बलं एकाच फेजमध्ये लावली की सर्वांत वाईट स्थिती मिळते ना?

नाही. वरचं उदाहरण त्यासाठीच दिलं. मध्यभागासाठी शून्य अंश वाईट, तर पायासाठी १८० अंश. प्रत्येक जागेचा वाईट कोन वेगळा असतो, आणि वेग बदलला की तोही बदलतो. एकच फेज धरून केलेलं विश्लेषण ‘सुरक्षित बाजूला’ आहे असं अहवालात लिहिणं चुकीचं आहे.

प्रत्येक पंख्याचं कंपन त्याच्या स्वतःच्या बलामुळेच जास्त असतं, हे तरी खरं ना?

तेही नेहमी खरं नसतं. त्याच गर्डरवर फक्त डावा पंखा चालवला तर त्याच्या स्वतःच्या पायाशी ०.०१ मिमीपेक्षाही कमी कंपन येतं. फक्त उजवा चालवला तर डाव्याच्या पायाशी जवळजवळ ०.०४९ मिमी, म्हणजे पाचपट. कारण २४ हर्ट्झ ही वारंवारता पहिल्या मोडच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली येते. स्वतःच्या जागी दोन्ही मोडचे प्रतिसाद एकमेकांच्या विरुद्ध चिन्हाचे असतात आणि बरेचसे खोडले जातात, तर शेजारच्या जागी ते एकमेकांत मिळतात. ‘पंखा थरथरतो म्हणजे त्याचाच रोटर बिघडलाय’ असा निष्कर्ष काढून बॅलन्सिंगवाल्याला बोलावण्याआधी शेजारचं यंत्र बंद करून पाहावं.

सॉफ्टवेअरमध्ये फेज भरायचा कसा?

दोन पद्धती आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकच. एकात बलाचा मोठेपणा आणि कोन थेट भरतात. दुसऱ्यात वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग भरतात: मोठेपणा गुणिले कोनाचा कोसाइन म्हणजे वास्तव भाग, मोठेपणा गुणिले साइन म्हणजे काल्पनिक भाग. १००० न्यूटन आणि ६० अंश असेल तर ५०० आणि ८६६.

ॲन्सिसच्या वर्कबेंचमध्ये प्रत्येक बलासमोर फेजच्या कोनाचा रकाना असतो आणि कमांडमध्ये दोन भाग देता येतात. ॲबॅकसमध्ये स्थिर अवस्थेच्या विश्लेषणात वास्तव आणि काल्पनिक बलं वेगवेगळी लिहितात. कॅल्क्युलिक्समध्ये ‘लोड केस’ १ म्हणजे वास्तव आणि २ म्हणजे ९० अंशांनी सरकलेला भाग.

नास्ट्रानमध्ये फेजचा कोन आणि वेळेचा उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत महागात पडते. कोन सगळ्या वारंवारतांवर तोच राहतो. उशीर स्थिर ठेवला की वारंवारतेबरोबर कोन बदलत जातो: ०.०१०४ सेकंदांचा उशीर २४ हर्ट्झवर ९० अंश असतो, ४८ हर्ट्झवर १८०. एका शाफ्टवर पक्क्या कोनात बसवलेल्या दोन वजनांना कोन हवा. एखादा धक्का ठरावीक वेगानं पुढे सरकत जातो तिथे उशीर हवा.

धन फेज म्हणजे बल पुढे की मागे?

हे सॉफ्टवेअरच्या संकेतावर अवलंबून असतं. मॅन्युअल वाचावंच, पण पाच मिनिटांची चाचणी जास्त विश्वासाची. एक वस्तुमान आडव्या आणि उभ्या दिशेला सारख्याच ताठ स्प्रिंगवर ठेवा. नैसर्गिक वारंवारतेच्या बऱ्याच खाली, आडवं बल शून्य अंशावर आणि उभं बल अधिक ९० अंशांवर द्या आणि ॲनिमेशन बघा. आडवा अक्ष उजवीकडे आणि उभा वर असताना वस्तुमान घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरलं, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये धन फेज म्हणजे ‘पुढे’. उलट फिरलं तर ‘मागे’.

फिरणाऱ्या रोटरचं असंतुलन कसं लावायचं? फक्त उभं बल पुरतं का?

पुरत नाही. असंतुलित रोटरचं बल फिरत असतं, त्यामुळे एकाच यंत्राची दोन बलं लागतात: एक आडवं, एक उभं, सारख्याच मोठेपणाची आणि ९० अंशांच्या अंतरानं. त्या ९० चं चिन्ह बदललं की फिरण्याची दिशा उलटते. म्हणजे यंत्र एकच असलं तरी फेज आलाच. मोठेपणा असंतुलन (जास्तीचं वस्तुमान गुणिले त्याचं मध्यापासूनचं अंतर) गुणिले कोनीय वेगाचा वर्ग असा असतो, म्हणून वेगवेगळ्या वेगांचं स्वीप करताना बल स्थिर ठेवू नये, ते वेगाच्या वर्गानं वाढवावं.

खडी क्रशरवरच्या चाळणीत हेच मुद्दाम वापरतात. दोन असंतुलित मोटारी एकमेकींच्या उलट फिरवल्या की एका दिशेतली बलं खोडली जातात, त्याच्या काटकोनातली दुप्पट होतात आणि चाळण सरळ रेषेत हलते. दोघींमध्ये कलांतर आलं तर ती रेषा त्याच्या निम्म्या कोनानं कलते: २० अंशांचा फरक असेल तर चाळण १० अंश तिरकी हलेल आणि खडीचा प्रवास बिघडेल. गंमत अशी की अनेक चाळण्यांमध्ये या मोटारी गिअरनं जोडलेल्या नसतात, चाळणीच्या हलण्यातूनच त्या एकमेकींशी जुळतात. हायगेन्सनं १६६५ मध्ये एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं आपोआप विरुद्ध फेजमध्ये आलेली पाहिली होती, त्याच जातीची ही घटना.

दोन यंत्रांमधला फेज माहीतच नसेल तर?

प्रत्यक्षात बहुतेक वेळा हीच अवस्था असते, आणि त्यासाठी शंभर कोनांवर सॉल्व्हर चालवायची गरज नाही. सांगाडा रेषीय आहे, म्हणजे बल दुप्पट केलं की कंपनही दुप्पट होतं, त्याचा फायदा घ्या. प्रत्येक यंत्राचं बल एकटं लावून एकेकदा विश्लेषण करा आणि महत्त्वाच्या जागांचे प्रतिसाद वास्तव व काल्पनिक भागांसह साठवा. मग कोणत्याही कोनासाठी दुसऱ्याचा प्रतिसाद तेवढ्या कोनानं फिरवून पहिल्यात मिळवायचा. हे स्प्रेडशीटमध्ये होतं.

त्याहून सोपं उत्तरही त्यातच आहे. ठरावीक जागेच्या, ठरावीक दिशेच्या विस्थापनासाठी सर्वांत वाईट आकडा म्हणजे एकेकट्या प्रतिसादांच्या मोठेपणांची साधी बेरीज, कारण कुठल्या तरी कोनावर ते दोन्ही एका रेषेत येणारच. आपल्या गर्डरवर डाव्या पायाशी ती बेरीज ०.०५८ मिमी येते आणि तो कोन १८० अंश निघतो. यंत्रं दोनपेक्षा जास्त असली आणि प्रत्येकाचा फेज स्वतंत्र असला तरी हीच बेरीज खरी कमाल असते. माझ्या मते फेज अज्ञात असताना अहवालात द्यायचा आकडा हाच.

दोन मोटारींचा वेग किंचित वेगळा असेल तर कोणता कोन धरू?

तेव्हा कोन स्थिर नसतोच. इंडक्शन मोटारींची घसरण (चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा रोटर किती मागे पडतो ते) भारानुसार बदलते. एक १४६० आणि दुसरी १४७० आरपीएमवर असेल तर दर ६ सेकंदांनी कलांतराचा पूर्ण फेरा होतो. कंपन हळूहळू वाढतं, ओसरतं, पुन्हा वाढतं. प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला ते पायाला जाणवतं आणि आवाजातही ऐकू येतं. अशा वेळी दोन वारंवारतांची दोन वेगळी विश्लेषणं करावीत. कमाल हवी असेल तर मोठेपणांची बेरीज, आणि दीर्घकाळाचा आरएमएस हवा असेल तर आरएमएसच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. दोन वेगळ्या वारंवारतांची बलं एकाच हार्मोनिक धावेत (सॉल्व्हरच्या एका रनमध्ये) कोन देऊन भरली, तर सॉफ्टवेअर ती एकाच वारंवारतेची समजून जोडेल आणि उत्तर निरर्थक येईल.

बलात दुसरी, तिसरी हार्मोनिक (वेगाच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचा भाग) असेल तर कोन तोच राहतो का?

नाही, आणि पिस्टनवाल्या यंत्रांमध्ये हा मुद्दा कळीचा आहे. क्रँकमध्ये जितका कोन असेल तो दुसऱ्या हार्मोनिकला दुप्पट, चौथ्याला चौपट होतो. रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर ६५० च्या जुळ्या सिलिंडरच्या इंजिनात क्रँक २७० अंशांचा आहे. पहिल्या हार्मोनिकला दोन पिस्टनांच्या बलांमध्ये २७० अंश, म्हणजे उलट बाजूनं ९०, त्यामुळे ती पूर्ण खोडली जात नाहीत आणि बॅलन्सर शाफ्ट लागतो. दुसऱ्या हार्मोनिकला मात्र ५४० अंश, म्हणजेच १८०, आणि ती बलं एकमेकांना खोडतात. १८० अंशांच्या क्रँकमध्ये नेमकं उलट: पहिल्या हार्मोनिकची बलं खोडली जातात, पण दोन सिलिंडर एका रेषेत नसल्यानं डोलवणारा जोडक्षण (विरुद्ध बलांच्या जोडीचा पीळ) उरतो, आणि दुसऱ्या हार्मोनिकची बलं एका फेजमध्ये येऊन दुप्पट होतात. म्हणून प्रत्येक हार्मोनिकसाठी वेगळी धाव आणि वेगळा कोन.

सममित सांगाडा आहे, तर अर्धं मॉडेल चालेल का?

सांगाडा सममित असला तरी बल सममित नसेल तर नेहमीची सममितीची सीमा अट लावू नका. ती प्रतिसममित (एक बाजू खाली जाताना दुसरी वर जाते असे) मोड मॉडेलमधून काढूनच टाकते. वरच्या गर्डरचं अर्धं मॉडेल केलं असतं तर ३६ हर्ट्झचा मोड यादीत दिसलाच नसता, आणि १८० अंशांची स्थिती त्यात मांडताच आली नसती.

मॉडेल खूप मोठं असेल आणि अर्ध्याशिवाय गत्यंतर नसेल, तर दोन बलांच्या बेरजेचा निम्मा सममित भाग आणि वजाबाकीचा निम्मा प्रतिसममित भाग असे तुकडे करा. पहिला सममित अटीसह, दुसरा प्रतिसममित अटीसह सोडवा. एका बाजूला दोन उत्तरांची बेरीज, दुसऱ्या बाजूला वजाबाकी. ही बेरीज-वजाबाकीही वास्तव आणि काल्पनिक भागांची, मोठेपणांची नव्हे.

मोडल पद्धत वापरू की थेट?

मोडल पद्धत ठरावीक मोडचे प्रतिसाद काढून त्यांची बेरीज करते, थेट पद्धत प्रत्येक वारंवारतेला पूर्ण मॉडेल सोडवते. मॉडेल मोठं, डॅम्पिंग साधं आणि बरेच वेग तपासायचे असतील तर मोडल. रबरी पॅड, वारंवारतेनुसार बदलणारे गुणधर्म किंवा एखाद-दुसरा मोठा डॅम्पर असेल तर थेट. मोडल पद्धतीत बलाच्या कमाल वारंवारतेच्या निदान दीड-दोन पट वारंवारतेपर्यंतचे मोड घ्या आणि उरलेल्या मोडचा वाटा स्थिर बलासारखा धरणारी स्थितिक दुरुस्ती चालू ठेवा. विरुद्ध फेजच्या बलांना हे जास्त लागू आहे, कारण ती नेमके वरचे मोड चेतवतात.

वारंवारतेची पायरीही पाहा. ९ हर्ट्झच्या मोडला २ टक्के डॅम्पिंग असेल तर त्याच्या शिखराची रुंदी ०.३६ हर्ट्झ असते. १ हर्ट्झची पायरी ते शिखर सहज ओलांडून जाईल.

डॅम्पिंग किती धरावं?

वेल्डेड पोलादी सांगाड्याला साधारण १ टक्का, बोल्टच्या सांध्यांना २ टक्क्यांच्या आसपास, काँक्रीटला त्याहून थोडं जास्त. रेझोनन्सवर (बलाची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेशी जुळते तिथे) वाढ सुमारे एक भागिले डॅम्पिंगच्या दुप्पट असते, म्हणजे १ टक्क्याला ५० पट आणि २ टक्क्यांना २५. रेझोनन्सपासून दूर असाल तर या आकड्यानं फारसं बिघडत नाही. तिथे फेजचा आकडा डॅम्पिंगपेक्षा जास्त मोलाचा.

निकाल कोणत्या क्षणाचे वाचायचे?

इथे सर्वाधिक अहवाल चुकतात. शून्य अंशाचं रंगीत चित्र म्हणजे एका क्षणाचं छायाचित्र. बलं वेगळ्या फेजमध्ये असली की प्रत्येक जागेचं शिखर वेगळ्या क्षणी येतं, म्हणून पूर्ण आवर्तनातली कमाल मागा.

दिशा एकत्र करताना आणखी सावध राहा. आडवा आणि उभा मोठेपणा प्रत्येकी १ मिमी आणि मधे ९० अंश असतील तर तो बिंदू १ मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढतो. कमाल विस्थापन १ मिमीच, वर्गमूळ काढून मिळणारं १.४१ नव्हे.

फॉन मिझेस ताण (सगळे घटक-ताण मिळून काढलेला एक आकडा) तर हार्मोनिक नसतोच. तो घटक-ताणांच्या वर्गांपासून बनतो आणि त्यात दुप्पट वारंवारता येते. घटक-ताणांचे मोठेपणे सूत्रात टाकून आलेला आकडा प्रत्यक्ष कमाल असेलच असं नाही, कारण मोठेपण्यांना चिन्ह नसतं आणि सूत्रातले वजाबाकीचे भाग त्यामुळे बिघडतात. आवर्तनाचे ५ ते १० अंशांचे तुकडे करून प्रत्येक क्षणाला फॉन मिझेस काढा आणि त्यातली कमाल घ्या. थकव्याचा हिशेब करायचा असेल तर फॉन मिझेसऐवजी चिन्हासहित ताण हवा.

वेळेच्या पद्धतीनं पडताळणी कशी करू?

एका वेगासाठी जरूर करा. आवर्तनाला निदान २० पायऱ्या ठेवा, २४ हर्ट्झला साधारण ०.००२ सेकंद. सुरुवातीचं क्षणिक कंपन विरेपर्यंत थांबा: २ टक्के डॅम्पिंगला ते एक टक्क्यावर यायला सुमारे ३७ आवर्तनं लागतात, आणि ती पहिल्या मोडची आवर्तनं. आपल्या गर्डरला म्हणजे ४ सेकंद. त्यानंतरच्या आवर्तनांचा मोठेपणा हार्मोनिक उत्तराशी जुळला नाही, तर बहुतेक वेळा दोषी डॅम्पिंगची व्याख्या किंवा फेजचं चिन्ह असतं.

माणसांच्या चालण्यालाही हेच लागू होतं का?

काही अंशी. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० ला उघडला आणि आडव्या डोलण्यामुळे १२ जूनला बंद करावा लागला. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, पण डावं पाऊल एका बाजूला ढकलतं आणि उजवं दुसऱ्या, त्यामुळे आडवं बल साधारण १ हर्ट्झचं. लोकांचे फेज विखुरलेले असतील तर एकूण बल संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पूल हलू लागल्यावर मात्र लोक तोल सावरतात, आणि पुलाची रचना करणाऱ्या अरुप कंपनीच्या चाचण्यांमध्ये त्यांचं बल पुलाच्या वेगाच्या प्रमाणात वाढताना दिसलं. असं बल ऋण डॅम्पिंगसारखं वागतं. ठरावीक मोठेपणा आणि ठरावीक कोन भरून हे मांडता येत नाही, तिथे पुलाच्या डॅम्पिंगशी तुलना करावी लागते. तोडगाही तसाच निघाला: ३७ द्रव डॅम्पर आणि पन्नासहून जास्त ट्यून्ड मास डॅम्पर (स्प्रिंगवर डोलणारी वजनं) बसवून पूल २००२ मध्ये पुन्हा उघडला.

मॉडेल खरं आहे हे जागेवर कसं तपासायचं?

एका सेन्सरनं फेज मोजता येत नाही. निदान दोन ॲक्सलरोमीटर एकाच वेळी नोंदवणारं उपकरण हवं आणि शाफ्टवर टॅकोमीटरची (फेऱ्या मोजणाऱ्या उपकरणाची) खूण हवी. एक सेन्सर एका जागी कायम ठेवा, दुसरा जागोजागी फिरवा, आणि प्रत्येक ठिकाणी मोठेपणा व कलांतर दोन्ही लिहा. त्यातून जो आकार मिळेल तो चालत्या स्थितीतला आकार असेल, मोडचा आकार नव्हे. त्याची तुलना हार्मोनिक विश्लेषणाच्या उत्तराशी करा, मोडल यादीशी नको. मोठेपणा जुळून कोन उलटा येत असेल, तर मॉडेलमधली एखादी नैसर्गिक वारंवारता चालत्या वेगाच्या चुकीच्या बाजूला बसली असण्याची शक्यता मोठी आहे. आधी आधारांचा ताठरपणा आणि यंत्रांचं वस्तुमान पुन्हा तपासा, मग बलांकडे वळा.